बाबांना खाली कसं आणायचं

घर पाहावं बांधून, असं ज्याने म्हणून ठेवलंय त्याने घराची दुरुस्ती काढलेली नसणार. बांधताना निदान शेवटी काय उभं राहणार आहे ते माहीत असतं. दुरुस्ती एका फुटक्या कौलापासून सुरू होते आणि मग रोज सकाळी मिस्त्री चहाचा ग्लास हातात घेऊन भिंतीवर टकटक करतो आणि म्हणतो, हेही काढावं लागेल. आमच्याकडे तो इतक्या प्रेमाने टकटक करायचा की स्वतःच्या घरात भिंतीला टेकून बसायची मला भीती वाटायला लागली.

आमचं घर मुलुंडला, नाहूरच्या अंगाला जे थोडंफार जुनं गावठाण उरलंय त्यात. खाली दोन खोल्या, वर एक. खालचं बाबांनी गिरणीत असताना घेतलं आणि वरची खोली गिरणी बंद पडल्यावर बांधली. नोकरी गेली की माणसं खर्च कमी करतात. आमच्या बाबांनी मजला चढवला. आता आजूबाजूला टॉवर झालेत. तिथल्या बाल्कन्यांतून लोक आमच्या कौलांकडे बघायचे आणि त्यांना म्हणे गावची आठवण यायची. पावसात आम्ही घरभर पातेली मांडून बसायचो तेव्हा आम्हालाही गावची फार आठवण यायची.

वरची खोली म्हणजे बाबांचं संस्थान. आई गेल्यापासून ते तिथे एकटेच राहायचे. ऐंशीच्या पुढचं वय, गुडघे कुरकुरणारे, पण सकाळी खिडकीत असे बसायचे की अख्खी गल्ली त्यांच्या हाताखाली कामाला आहे. मासेवाली आली की वरूनच भाव, वरूनच भांडण, आणि मग दोरीला बांधलेली पिशवी खाली. बांगडा ताजा आहे की नाही हे ते बांगड्याकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघून ओळखायचे. खाली राहायला या, असं आम्ही सुचवलं की म्हणायचे, खाली बसून काय समोरची भिंत बघू?

वर जायचा जिना घराच्या बाहेरून होता, लोखंडी, थेट गल्लीत उतरणारा. दर दिवाळीला आम्ही त्याला रंग लावायचो आणि दर पावसाळ्यात तो रंगासकट थोडाथोडा गळून पडायचा. एके सकाळी त्याची एक पायरी बाबांच्या पायाखाली निखळली आणि त्यांचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. ओरडले वगैरे नाहीत. मी धावत बाहेर आलो तेव्हा तिथेच अडकलेल्या अवस्थेत ते शेजाऱ्याला स्कूटर नीट लावायला सांगत होते.

त्या संध्याकाळी बोरिवलीहून दादा आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो टॉवरमध्ये बराच उंचावर राहतो आणि तिथून त्याला सगळ्यांचे प्रश्न लहान दिसतात. त्याचं म्हणणं, बाबांनी आता त्याच्याकडे यावं. लिफ्ट आहे, बाग आहे, ज्येष्ठ नागरिकांचा हास्यक्लब आहे. बाबांनी हास्यक्लब म्हणजे काय ते नीट समजून घेतलं आणि तिथे हसायला विषय कोण पुरवतं असं विचारलं. त्यांना वरच्या खोलीतच राहायचं होतं, आणि शेवटपर्यंत तिथेच राहायचं होतं. ते जमेल की नाही एवढाच काय तो मुद्दा. दादा म्हणाला, जमणार नाही. मी म्हणालो, हा जिना भंगारात घालतो, वरचं बाहेरचं दार बुजवतो आणि घराच्या आतून नवा जिना काढतो. समोर थोरला भाऊ बसलेला असला की माणसाला अशा कल्पना सुचतात.

सरळ जिना काढायचा तर आमची पुढची खोली संपते आणि मग पाहुण्यांना पायऱ्यांवर बसवावं लागतं. तेव्हा बायकोने मोबाइलवर एक चित्र शोधून काढलं. परदेशातलं घर, लाकडी गोल जिना, पायरीवर कोवळं ऊन आणि उन्हात मांजर. आमच्या पुढच्या खोलीत ऊन येत नाही, पण मांजर न बोलावता येतं. निम्मं चित्र तयारच होतं म्हणायचं.

लोखंडाचा गोल जिना तयार मिळतो, दोन दिवसांत बसवून देतात, असं प्रत्येकाने सांगितलं. म्हणजे शहाणपणाचा मार्ग उपलब्ध नव्हता असं नाही. पण तेवढ्यात छप्पर उतरवलं आणि आतून सागवानी तुळया निघाल्या. त्या बाबांनी कुठल्याशा पाडलेल्या बंगल्यातून हातगाडीवर घालून आणल्या होत्या. जुन्या लाकडाचा व्यापारी येऊन त्यांच्यावरून असा हात फिरवून गेला की बाबांनी त्याच क्षणी त्या विकायच्या नाहीत असं ठरवलं. छप्पर तर आता पत्र्याचं होणार होतं. मग एवढ्या सागाचं करायचं काय? जिना.

आमच्या लोकांचा एक नियम आहे, की काम गावच्या माणसाला द्यायचं. काम बिघडलं तर शिव्या निदान आपल्या भाषेत देता येतात. त्या नियमाने सिंधुदुर्गातून एक सुतार आला. गावच्या देवाची नवी पालखी त्याने केलेली होती, आणि त्यानंतर जगातली प्रत्येक वस्तू तो पालखीच्या हिशेबानेच बघायचा. आमचा जिना बघायला आला, तुळयांवर टिचकी मारली, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, पालखी केलेल्या हाताला जिना म्हणजे काय! गोल जिना याआधी केलाय का, असं मी विचारलं. त्यावर त्याने माझ्याकडे इतक्या दयेने पाहिलं की मी पुन्हा कधी विचारलं नाही. त्याने केलेला नव्हता.

मग दादाने, विरोध असूनही, फोनवरून मदत सुरू केली. त्याच्या ओळखीतल्या वास्तुवाल्याने सांगितलं की जिना प्रदक्षिणेच्या दिशेने वळला पाहिजे, उलटा वळला तर घरातली शांती जाते. सुताराने आराखडा नेमका उलटा काढला होता. त्याने तो रागारागाने पुसला आणि खडूने जमिनीवर नवा काढला. दोन भावांचे संसार, एक बंद गिरणी आणि सततचं गळकं छप्पर यांतून जी शांती या घरात टिकली होती ती आम्हाला जिन्यापायी घालवायची नव्हती.

पुढचे कित्येक आठवडे आम्ही भुशात राहिलो. भुसा चहात, भुसा गादीत, भुसा बायकोच्या ऑफिसच्या पर्समध्ये. खोलीच्या मधोमध जमिनीपासून वरच्या मजल्यापर्यंत एक खांब उभा राहिला आणि त्याला खाचा पाडून एकेक पायरी बसायला लागली, खांबाकडे निमुळती, बाहेर रुंद, समोशासारखी. कठड्याचा वळसा एका अखंड लाकडातून निघेना, म्हणून सुताराने पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून, शिकंज्यांत आवळून, त्या वाकवल्या. पहिला कठडा सुटून सरळ झाला आणि जाताना ट्यूबलाइट घेऊन गेला. दुसऱ्याला तडा गेला. प्रत्येक वेळी सुतार म्हणायचा की लाकडाला अजून मुंबईची हवा मानवली नाही. ते लाकूड मुंबईत त्याच्यापेक्षा जुनं होतं.

बाबा या काळात खालीच, माझ्या पलंगावर झोपत होते आणि दिवसभर खुर्ची टाकून कामावर नजर ठेवत होते. त्यांचं आणि सुताराचं भांडण हा आमच्या घरचा रेडिओ होता. पण खिडकी नाही, मासेवाली नाही, म्हणून ते उदासही झाले होते, ते मला दिसत होतं. रोज विचारायचे, वर कधी जायला मिळेल. त्यामुळे जिन्यापायी माझा जीव कितीही मेटाकुटीला आला तरी तो पुरा व्हायला हवा होता.

आणि खोटं कशाला बोलू, जिना सुंदर झाला. पॉलिशचा हात फिरला आणि त्या काळपट तुळयांतून मधाच्या रंगाचं लाकूड बाहेर आलं. कठड्यावर हात ठेवला की तो हाताला धरून वर नेतो असं वाटायचं. शेजारी बघायला आले, टॉवरमधलेही आले. मी जरा जास्तच वेळ जिन्याजवळ उभा राहायला लागलो, असं बायको म्हणते.

उद्घाटनाला दादा आणि वहिनी आले. नारळ फुटला, शिरा झाला. बाबांनी पहिल्या पायरीला हात लावून नमस्कार केला आणि कठडा धरून, वाटेत दोनदा थांबून, वर गेले. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी दादाकडे बघितलं; असं बघायची संधी आयुष्यात थोडी मिळते. तेवढ्यात बाबांनी वरून खाली डोकावून जिना पुन्हा एकदा पूर्ण न्याहाळला आणि विचारलं,

"मी मेल्यार माका ह्या जिन्यातसून खाली कसो हाडतलात?"

वहिनी म्हणाली, बाबा, शुभ बोला. सुतार म्हणाला की का नाही येणार, तुमचं कपाट नाही का वर गेलं, पलंग नाही का गेला? खरं म्हणजे त्याने गप्प बसायला हवं होतं.

"कपाट सुटा करून चढवलास," बाबा म्हणाले. "माका काय सुटो करून हाडतलात?"

शिरा खाताना सगळ्यांनी जिन्याकडे चोरून बघून मनातल्या मनात माप घेतलं. आम्ही फ्रिजचा विचार केला होता, गादीचा केला होता, वहिनीच्या भावाचा केला होता, जो अंगाने भरभक्कम आहे. मधल्या खांबाभोवती फिरणाऱ्या त्या अरुंद वाटेतून आडवं माणूस उतरणार नाही, हे जिन्याचं चित्र बघून एखाद्या मुलानेही सांगितलं असतं. आम्ही चौघे शिकलेले, वर पालखीवाला.

आठवडाभर सगळ्या गल्लीला दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणालं खिडकीचे गज कापा आणि दोरीने सोडा, पिशवी सोडतात तसंच. कुणी म्हणालं छपराचा पत्रा काढता येतो. एका शेजाऱ्याने क्रेनवाल्याचा नंबर दिला. दादाला तर आनंदाचं भरतं आलं होतं. बोरिवलीला लिफ्ट आहे, हे त्याने पुन्हा सांगितलं. लिफ्टमध्ये माणसाला आडवं करता येतं का, असं बाबांनी विचारलं तेव्हा तो क्रेनवाल्याचा नंबर उतरवून घ्यायला लागला. त्याच्याच मजल्यावरचे एक काका महिन्यापूर्वी गेले होते, त्यांना दोघांनी दोन्हीकडून धरून, उभं करून खाली नेलं होतं, असं नंतर वहिनीने बायकोला सांगितलं.

शेवटी बाबांनीच तोडगा काढला. रविवारी करून बघू म्हणाले. काय करून बघू? तर तेच. रंगीत तालीम. वहिनीने यायचं नाकारलं. दादा आला, कारण माझी फजिती त्याला चुकवायची नव्हती. त्यांना आडवं झोपवून उतरवायला आम्ही दोघांनीही ठाम नकार दिला, तेव्हा बाबा प्लास्टिकच्या खुर्चीवर तयार झाले. धुतलेला सदरा, धुतलेला लेंगा, केस पाणी लावून बसवलेले. स्वतःच्या मयताला इतका टापटीप आलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आता खुर्ची उचलायची कशी? दादा आणि मी दर शिमग्याला गावी जातो आणि पालखी खांद्यावर घेतो. तिथे आम्ही उतार, बांध, नदी सगळं पार करतो, पालखी नाचवतोसुद्धा. त्यामुळे सुताराने सुचवायचा अवकाश, दोन बांबू आले, खुर्ची मध्ये बांधली गेली, आणि दोघांनी जय म्हणून बांबूंना खांदा दिला. पहिल्याच वळणावर पुढची टोकं भिंतीत घुसली आणि मागची दारात अडकली. जिना गोल, बांबू सरळ. शाळेत ज्याला भूमितीत चांगले गुण मिळायचे त्या माझ्या भावाने आणखी जोर लावून बघितला. वरची पायरी बाबांच्या डोक्यापासून चार बोटांवर आली तेव्हा बाबा शांतपणे म्हणाले, "मेल्यांनो, हयच मारा माका, मगे तालमीची गरज नाय."

बांबू काढले. मग दादा खाली, मी वर, दोघांनी खुर्ची नुसती हाताने धरली आणि पायरी पायरीने निघालो. खालून सुतार सूचना देत होता. त्याच्या सगळ्या सूचना पॉलिशबद्दल होत्या. निम्म्यावर आलो आणि खुर्चीचे मागचे पाय खांब आणि कठड्याच्या मध्ये असे बसले की पुढेही जाईना, मागेही येईना. दादाला घाम फुटला होता, आणि आमच्या दोघांच्या मध्ये बाबा अधांतरी, हात मांडीवर ठेवून बसलेले. मी हसायला लागलो. दादाही हसला. किती वर्षांनी आम्ही दोघे एकाच गोष्टीवर हसत होतो.

बाबा हसले नाहीत. म्हणाले, "तुमच्या आवशीक उतरवलास तेव्हा तिचा डोक्या जिन्यार आपाटला."

आईला वरून आम्हीच उतरवलं होतं. चादरीत घेऊन, त्या बाहेरच्या लोखंडी जिन्याने. डोक्याकडे दादा आणि शेजारचे एकजण, पायाकडे मी. जिना अरुंद, खाली गल्लीत माणसं, रडारड. मला आवाज वगैरे काही आला नव्हता. बाबा खाली उभे होते.

दादाचं हसू गेलं. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर बाबांनी हाताने थांबवलं.

"कोणाची चूक नाय. ती गेलली, तिका काय लागाचा? पण माका आवाज इलो. अजून येता." मग म्हणाले, "माझा तसा झाला तर माका काय कळाचा नाय. तुमका आयकूचा लागतला."

जिन्याच्या मध्यावर, हातात बापाची खुर्ची घेऊन, माणसाने काय करायचं असतं ते मला कुणी शिकवलेलं नाही. डोळे पुसायला हातसुद्धा मोकळा नव्हता. आठवडाभर आम्ही सगळे समजत होतो की म्हातारा आपल्या मयताची हौस करतोय. मीही तसंच समजत होतो आणि ऑफिसात डब्याच्या वेळी रंगवून सांगतही होतो. दादाची मान खाली होती. त्याने धरलेली खुर्ची मात्र जराही हलली नाही. खालून सुताराने विचारलं, काय झालं, पॉलिश गेलं काय? 

मग बाबा खुर्चीतून उठले. आम्ही नको नको म्हणत असताना त्यांनी कठडा धरला, माझ्या खांद्यावर हात टेकून खुर्चीच्या बाजूने पाय काढला आणि उरलेल्या पायऱ्या सावकाश, एकेक करत, स्वतः उतरले. खाली पोचल्यावर मागे वळून म्हणाले, "जिवंत आसय तवसर माझ्या पायांनी उतारलंय. आता माझी गादी खाली हाडा."

बोरिवलीची गोष्ट दादाने त्या दिवशी काढली नाही. आम्ही दोघांनी मिळून गादी उतरवली. गुंडाळली की ती आरामात येते. त्याआधी खुर्ची निघेना, तेव्हा सुताराने करवतीने तिचे मागचे पाय कापले आणि मगच जिन्याला काही झालं नाही हे बोटाने चाचपून बघितलं. बाबा तोवर माझ्या पलंगावर पाय पसरून बसले होते आणि समोरच्या भिंतीला कुठला रंग द्यायचा ते बायकोला सांगत होते.

म्हणजे ज्या जिन्याने त्यांनी वर राहावं म्हणून मी आयुष्यातला सगळ्यात मोठा उपद्व्याप केला, त्याने ते एकदा चढले आणि एकदा उतरले. मासेवाली आता दारात येऊन बसते. भांडण होतं, पण समोरासमोर ते पूर्वीइतकं रंगत नाही, अर्ध्या वेळा ती चहा पिऊन जाते. खिडकीची आठवण येते का, असं मी एकदा विचारलं. येते म्हणाले, आणि विषय बदलला. मला वाईट वाटतं, अजूनही वाटतं. त्यांची खोली त्यांनी आमच्यासाठी सोडली हे मला कळतं, आणि ते मी कधी बोललो तर उचलून बोरिवलीला टाक म्हणतील हेही कळतं.

वरच्या खोलीत आता आम्ही दोघं नवरा-बायको राहतो. माझं वजन गेल्या काही वर्षांत वाढलंय. बायको कधी माझ्या पोटाकडे बघते, कधी जिन्याकडे, आणि रात्रीच्या जेवणातली एक पोळी परस्पर कमी करते. बघायला येणारे लोक अजून येतात, मोबाइलवर फोटो काढतात, असा जिना आम्हालाही करून हवा म्हणतात. सुताराचा नंबर मी सगळ्यांना देतो. गावच्या माणसाचं भलं झालं पाहिजे.

सकाळी ऑफिसला निघताना मी खाली उतरायला लागलो की बाबांचा रेडिओ बंद होतो. ते पेपरातून डोकं वर काढत नाहीत, पण मी शेवटच्या पायरीवरून खाली येईपर्यंत पुढचं पान उलटत नाहीत. आणि निम्म्यावर आलो की खालून विचारतात, "कठडो धरलंस मां?"

साठीला टेकलेला माणूस मी. धरलाय, बाबा, असं म्हणतो आणि मग धरतो.